नेच्याच्या पानातली रेघ

अमरावती,
कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६

प्रिय देवीदास,

तू अकोल्यास कापसाच्या गाठी तोलतोस, असे कळले. केसाएवढी रेघ न थरथरता ओढणारा हात आता काट्याच्या साखळीला लोंबकळतो! पण तुलाच काय बोलावे? साऱ्या अमरावतीच्या डोक्यात कापूस भरला आहे. अमेरिकेत भाऊ भावाला मारतो आहे, तिकडचा कापूस अडला आहे, म्हणून येथे आमचे शेजारी खुशालराव बैलांची शिंगे चांदीने मढवतात. आणि ते युद्ध कशासाठी, असे विचारले तर कापसाचा भाव सांगतात. परवा माझ्या टेबलावरचे नेचे पाहून म्हणाले, "मास्तर, हा पाला ढोरं तरी खातेत का?" उत्तर द्यावे, एवढी त्यांची योग्यता नाही.

मैनाबाईही गेली. चिखलदऱ्याहून आलेली नेच्यांची टोपली उघडावी, डागी पाने फेकावीत आणि निर्दोष तेवढी माझ्यापुढे ठेवावीत, हे तिचे सहा वर्षांचे काम. "तुमच्या पाल्यापरीस कापूस बरा, मास्तर, आंगावर तरी घालता येते," असे सुनावून ती वेचणीला गेली. त्यामुळे गेल्या महिन्यात टोपली मला स्वतः उघडावी लागली.

दर तिसऱ्या पानावर पांढरी, नागमोडी रेघ होती. श्रावणात साहेबांच्या नेच्यांवरील ग्रंथासाठी तू काढलेल्या चित्रात होती तशीच: आरंभी दोऱ्यासारखी, पुढे रुंदावत गेलेली. सहा वर्षांत शेकडो नेचे माझ्या हाताखालून गेले, त्यांत असली रेघ एकही नाही, सबब ती तुझ्या कल्पनेतली, असा निवाडा मी तेव्हा केला होता. तू म्हणालास, "म्या मनानं नाई काढली, मास्तर. आतमंदी अळी चालून राह्यली. फेकलेलं पान उजेडात धरून पाहा ना!" पान तोडले की आधी सूर्यासमोर धरायचे, ही तुम्हा माळ्यांची सवय. मी हसलो. ज्याला लॅटिन नाव वाचता येत नाही, त्याने मला पान पाहायला शिकवावे!

या वेळी धरले. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये, वरचा न फाडता आणि खालचाही न फाडता, एक चपटी अळी हिरवा गर खात पुढे सरकत होती. ते पान मी ओल्या वाळूवर, काचेच्या बरणीखाली ठेवले. अळीचा तिळाएवढा कोश झाला. सतराव्या दिवशी त्यातून राखी रंगाची माशी निघाली. इतकी क्षुद्र, की खुशालरावांनी तिला फुंकरीने उडवले असते. सहा वर्षे मी तिला फेकूनच देत होतो, तेही स्वतः घालून दिलेल्या नियमाने. निर्दोष पानांखेरीज काही न पाहणाऱ्याने निसर्गाविषयी निवाडे द्यावेत, याहून हास्यास्पद मूर्खपणा या मूर्ख गावात दुसरा झालेला नाही.

ते चित्र मी साहेबांच्या देखत फाडले. हा मनचे काढतो, याचा हात विश्वासाचा नाही, असे म्हणालो. त्या एका वाक्याने तुझे काम गेले. ग्रंथाची चित्रे पौषात विलायतेस जातील. हे एक चित्र मी तीनदा काढून पाहिले. पान जमते, रेघ मेलेली उमटते. तुला आज्ञा करण्याचा अधिकार मी गमावला आहे, म्हणून मागतो: ते पुन्हा काढ. खाली नाव तुझेच राहील. देवीदास खरे बोलत होता आणि मी न पाहताच त्याला लबाड ठरवले, हे साहेबांना काल लेखी कळवले. तुला परत घेण्यास त्यांचा होकार सोबत जोडला आहे. टोपली आता मीच उघडतो, आणि तुझी वाट पाहतो.

तुझाच,
वामन