बाबांचा वस्तरा

मंगळवार, १४ तारीख, दुपार

चि. छोटू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. दुकान बरं चालतं. समोरचा शिंपी रोज टोमणा मारतो, "मालक, स्वतःची दाढी वाढवून बसलात, आमचं काय भलं करणार?" तूही व्हिडिओ कॉलवर दाढी बघून विचारलंस. मी म्हणालो, हौस.

हौस नाही.

मागच्या वर्षी रक्तदान केलं, तर रक्तपेढीवाल्यांनी बोलावून घेतलं. हेपॅटायटिस बी. कावीळच, पण दिसत नाही. दुखत काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा विषाणू जात नाही. गोळी त्याला झोपवते. रोज एक. मनाने बंद केलीत की उठतो. दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी, सोनोग्राफी. एवढं पाळलंत तर म्हातारे व्हाल." न पाळलं तर? "यकृत गुपचूप दगड होतं."

गोळी चुकवत नाही. पण दुकानातले समोरासमोरचे दोन आरसे तुला माहीत आहेत. त्यांत मी एकामागे एक उभा असतो. अगदी शेवटचा मी माझ्यानंतर किंचित उशिरा मान वळवतो. काल मी दुकान बंद केलं, तेव्हा तो अजून गिऱ्हाइकाकडे बघत होता.

हे सांगायला पत्र लिहिलेलं नाही.

गिऱ्हाइकाला नवं पातं, घरच्यांना बाबांचा वस्तरा. "आपल्यात कसलं तुझं-माझं," म्हणायचे ते. आधी मोठ्याची दाढी, मग धाकट्याची. तुझ्या बदलीच्या आदल्या दिवशी तू खुर्चीत बसलास. त्याच वस्तऱ्याने माझी झाली होती, गालाला कापून रक्तही आलं होतं. तुझ्या हनुवटीवर थेंब आला. तू म्हणालास, "दादा, हात म्हातारा झाला." आपण हसलो. त्या दिवसापासून मी गालाला वस्तरा लावलेला नाही.

रिपोर्ट तेव्हा आठ दिवसांचा होता. माझ्या खिशात होता. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

हा आजार एका ताटात जेवून लागत नाही. रक्ताने लागतो. उद्याच तपासून घे. तुझ्या सौभाग्यवतींना सातवा महिना लागलाय, त्यांनाही ने. त्यांना असला तरी जन्मल्यापासून एका दिवसाच्या आत बाळाला लस आणि सोबतचं इंजेक्शन दिलं की बाळ बहुतेक वाचतं. त्यासाठी दवाखान्याला आधी कळलं पाहिजे. मी चौदा महिने कळू दिलं नाही.

मला उत्तर नको, फोनही नको. तिघांचं काय ते फक्त शिंप्याच्या फोनवर कळव.

तुझा दादा,
तू म्हणशील तोवर