आशीर्वादाचा हात

वरसे, रोहा
४ मे २०२५

ती. सौ. सरूवन्संना,
सा. न. वि. वि.

फोनवर बोललेलं आमच्या घरात सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून हे पत्र. मनस्वीला सुट्टीसाठी तुमच्याकडे पेणला पाठवते आहे. सात वर्षांची झाली, पण अलीकडे पुन्हा अंथरूण ओलं करते. पाढा चुकला की ह्यांचा हात उठतो. मागून हळहळतात, चॉकलेट आणतात. मी मध्ये पडले की पोरीला जास्तच बसतं. तुमचा शब्द तुमचा भाऊ मोडत नाही. शाळा उघडली की तिला ह्या घरात आणावं का, हेच मला कळेनासं झालंय.

माझ्यावर माया करताच, ती आता थोडी तिला द्या.

तुमची,
नूतन


पेण
१५ मे

चि. आदेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी लेक बरी आहे. दुपारी कारखान्यात सगळं निवांत असतं. न रंगवलेले गणपती रांगेत बसलेले, कौलांतलं ऊन त्यांच्या सोंडांवरून सरकत जातं, आणि मनस्वी त्यांच्यामध्ये झोपते. काल उठून सांगत होती की सगळे गणपती खाडीवर पाय धुवायला गेले होते आणि येताना तिला खांद्यावर बसवून आणलं. मलाही आता ते खरं वाटायला लागलंय.

तिने स्वतःचा गणपती केलाय. पोट थेट तुझं. पण चारही हात मांडीवर. मी आशीर्वादाचा हात वेगळा करून दिला, एकाच्या जागी जोडायला सांगितलं, तर तिने तो फळीवर ठेवून दिला. मी म्हटलं, अगो, हा मारायचा नाय, आशीर्वादाचा हाय. तर तिने मला विचारलं, की हात वर गेला की तो कुठला, हे खाली यायच्या आधी कसं कळतं.

आदेश, आबांचा हात वर गेला की तू पलंगाखाली शिरायचास, तेव्हा तुला तरी कळायचं का? मला तुझा राग आलाय. तो हात मी ओल्या फडक्यात ठेवलाय. माती एकदा सुकली की जोडता येत नाही.

नूतनला एक शब्द बोललास तर मी पहिल्या गाडीने रोह्यात येईन. लोभ आहेच, म्हणून एवढं लिहिलं.

तुझी,
अक्का


वरसे
२० मे

ती. अक्कास,
सा. न.

आबांच्या मारानेच मी सरळ झालो, असं लिहायला बसलो होतो. पण पलंगाखालून आबांची फक्त पावलं दिसायची, ते आठवलं. मनस्वी माझी पावलं जिन्यावरूनच ओळखते, असं नूतन म्हणते. रविवारी येतो. ती माझ्याबद्दल काय बोलते ते कळव. नको, कळवू नकोस.

रागावलीस तरी आपला म्हण.

आदेश


पेण
२६ मे

चि. सौ. नूतन हीस,
अनेक आशीर्वाद.

काल आदेश आला. दारातच घाम पुसायला त्याने हात वर केला आणि मनस्वी मूर्तींमागे पळाली. त्याने ते पाहिलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून जमिनीवर बसून राहिला. नाकावर माशी बसली तरी हलला नाही. कारखान्यातल्या बाया हसून विचारत होत्या, की या मूर्तीला रंग कधी द्यायचा.

ऊन मागच्या भिंतीवर गेलं तेव्हा ती बाहेर आली. फडक्यातला तो हात तिने त्याच्या ओंजळीत ठेवला, आणि सुकू देऊ नका म्हणाली. रडत होता गो तुझा नवरा, पण ओंजळ हलू दिली नाही त्याने.

हात अजून जोडलेला नाही, जाताना त्याने तो परत फडक्यात गुंडाळून ठेवला. शाळा उघडेपर्यंत पोर इथेच राहील, आदेश दर रविवारी येईल. पुढचं तीच ठरवेल, आपण नाही. आज सकाळी मी फडकं भिजवायला गेले, तर ते आधीच कोणीतरी भिजवून ठेवलं होतं.

जिवाला जप, मायेत राहा.

तुझी,
सरूवन्सं