चिमूटभर काळी काच

३ मार्च २०१२

सापडली! बोटभर जाडीची काळी शीर, ओढ्याच्या कड्यात, अगदी भ्रंशरेषेवर. दोन डोंगर एकमेकांवर घासले, दगड वितळला आणि पळभरात गोठला — त्याची ही काच. हातोडा उचलला, तर तेओती मामा आडवा आला.

"थांब. आधी विचार त्याला."

जमीन आमच्या कुळाची, तेव्हा मामाच्या होकाराशिवाय खडाही उचलायचा नाही. तो कड्यावर हात टेकून बराच वेळ पुटपुटत होता. मग म्हणाला, "पिरी, डोंगर आपला थोरला आहे. परमुलखात नेतेस, तर परत आणून पोचव. सगळा."

"एक कणही ठेवून घेणार नाही, मामा."

अगदी मनापासून म्हणाले. कापायचा, तपासायचा, परत आणायचा — एवढंच तर होतं!

२० मार्च, ड्युनेडिन

जुळलं! काचेत जे आहे ते सगळं शेजारच्याच खडकातलं, बाहेरून काही शिरलेलं नाही. म्हणजे घासूनच वितळलेली. आज चहाबरोबर दोन केक खाल्ले.

२१ मार्च

अ‍ॅलास्टर, आमच्या लॅबचा प्रमुख — "छान. पण कधी वितळली? वयाशिवाय हा दगड नुसता शोभेचा."

खरं आहे त्याचं. तीन वर्षांचं माझं काम त्या एका आकड्यावर अडलंय. आणि वय काढायचं तर चिमूटभर काच अणुभट्टीत भाजून आणावी लागते. भट्टी अमेरिकेत. आपल्या देशात नाहीच, अणूला आपणच नको म्हटलं. तिथून येते ती किरणोत्सारी होऊन! मग शिशाच्या डबीत, कुलुपात. माणसांजवळ न्यायची नाही. ओढ्यात तर नाहीच नाही.

"चिमूटभर तर आहे," अ‍ॅलास्टर म्हणाला. "कोण मोजतंय?"

"मामा."

तो हसला. मला हसू आलं नाही.

२२ मार्च

मामाच्या फ्रिजवर तो बिल्ला अजून आहे — 'अणुमुक्त'. तरुणपणी होडी घेऊन अमेरिकेच्या अणुशक्तीवरच्या युद्धनौकेला आडवा गेला होता. त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

४ एप्रिल

मामाच्या गळ्यात गाठ. कर्करोग आहे. भट्टीला जायचं पार्सल टेबलावर तसंच पडून आहे, आणि आज मला त्या पार्सलकडे बघवत नाही.

११ जून, क्राइस्टचर्च

गाठ मागच्या महिन्यात काढली. आज मामाला उरलासुरला रोग मारायची गोळी दिली — किरणोत्सारी आयोडीन! तीन दिवस खोलीत एकटा. कुणी आत जायचं नाही. रिपेका मामी दाराबाहेर खुर्चीत बसून डोळे पुसत होती. "आपल्या रीतीने नाकाला नाक लावून भेटायचंही नाही म्हणतात ग. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नाही."

दारात छोटी काच आहे, बोलायचं फोनवरून. मामाची थट्टा चालूच. "बघ ग, अंधारात चमकतोय का मी?"

आज सांगायचं नाही असं ठरवून आले होते. पण आवाज ऐकला आणि सगळं सांगून टाकलं — भट्टी, डबी, कुलूप.

"म्हणजे तोही माझ्यासारखाच होणार? कुणी जवळ जायचं नाही?"

"हो."

"किती दिवस?"

"दिवस नाही मामा. दोन-तीन वर्षं."

"मला घरी नेणार ना शुक्रवारी?"

"असं काय विचारतोस!"

"ज्याला आडवा गेलो तेच आज गिळून बसलोय. आता त्या थोरल्याला कशाला अडवू? जाऊ दे त्याला. पण उशीर झाला म्हणून विसरायचं नाही हं, प्रोफेसरीणबाई. सगळा म्हणजे सगळा!"

रडले. मामीने जवळ घेतलं.

९ नोव्हेंबर

आकडा आला! बारा लाख वर्षं. मामाला फोन केला. "एवढंच? मी म्हटलं बराच म्हातारा निघेल."

१८ नोव्हेंबर

उरलेला दगड आणि त्याची सगळी पूड मामाबरोबर जाऊन ओढ्याकाठी ठेवून आले. त्याने दगड खालीवर करून बघितला. "आणि ती चिमूट?"

"येईल."

"हं."

२ फेब्रुवारी २०१३

मामा गेला. गळा बरा झाला होता, हृदय थांबलं.

७ फेब्रुवारी

पोचवून आलो त्याला. तीन दिवस तो आमच्यात होता, उघड्या पेटीत. सगळ्यांनी कपाळाला कपाळ लावलं. मामी तर हटायलाच तयार नव्हती. "आता कोण अडवतंय बघू," म्हणाली.

१६ मार्च २०१४

वर्ष उलटलं. आमच्यात वर्षाने थडग्याच्या शिळेवरचं कापड काढून गेलेल्याचं नाव उघडं करतात; तो दिवस मामीने पुढे ढकलला. पाऊस आहे म्हणे! आमच्या किनाऱ्यावर पाऊस नसतो कधी?

३० नोव्हेंबर

पुन्हा पुढे. आता म्हणे पाहुण्यांना सोयीचं नाही. मामीशी फोनवर भांडले. "त्याचं नाव अजून कापडाखाली आहे! लाज वाटते मला," असं म्हणाले. ती एक शब्द बोलली नाही. बहुतेक तिला सोसवत नसेल, पण म्हणून मामाला असं झाकून ठेवायचं? फार राग आलाय.

१४ मे २०१५

किरणोत्सार तपासणारा आज डबीजवळ यंत्र धरून म्हणाला, "काही उरलं नाही. साधी काच आहे. न्या."

मामीला लगेच फोन केला. ती म्हणाली, "आता सगळ्यांना बोलावते. शनिवारी कापड काढू. तो सांगून गेला होता बाई — थोरला घरी आल्याशिवाय माझं नाव उघडं करायचं नाही. आणि पिरीला यातलं काही कळू द्यायचं नाही, पोर उगाच घाई करेल."