रिकामं जातं

विसरवाडी,
फाल्गुन वद्य पंचमी

प्रिय धनकंवर,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला. पण पत्र असंच सुरू करायचं हे शाळेत शिकवलं होतं आणि दुसरा शब्द सुचेना. खापरहून आपल्या सासरचं कार्ड पोचलं. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण शेवटी. दोन वर्षं मी गप्प राहिले, आता तू थोडी कळ काढ. मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तळोद्याच्या शाळेत एकाच पाटीवर गिरवून आपण दोघी जी मराठी शिकलो, ती मांजींना वाचता येत नाही. सासूचं तेवढंच एक अडाणीपण आपल्या उपयोगाचं.

माझा डावा पाय अजून ओढतच चालतो. इथे माझ्या सुगनभाऊच्या दुकानापुढे सुरतेच्या रस्त्याच्या मोटारी थांबतात, त्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत मी काठी घेऊन वडापर्यंत जाते आणि येते. दुपारी पुन्हा, दिवे लागायच्या आधी पुन्हा. गिऱ्हाईकं विचारतात, बाई, पायाला काय झालं? मी सांगते, बसले होते. त्यांना ते पटत नाही. पडून पाय जातो, बसून कसा जाईल, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. भाभी म्हणते, पडले म्हणून सांगत जा, म्हणजे प्रश्न संपतील. मी तसं सांगत नाही.

आपली लग्नं एकाच मांडवात दोघा भावांशी झाली, तेव्हा मी किती नाचले होते आठवतं का? मैत्रीण आता जाऊ होणार, जन्मभर एका चुलीशी राहणार. मग हे गेले, आणि रीतीप्रमाणे मला मधल्या खोलीच्या कोपऱ्यात बसवलं. गुडघे पोटाशी, तोंड भिंतीकडे, अंगावर काळी ओढणी, सहा महिने. पहाटे एकदा परसाकडे, बाकी सगळं तिथेच. तुला हे सांगायला नको, तू उंबऱ्यातून रोज बघत होतीस. पण आतून ते कसं असतं ते तुला ठाऊक नव्हतं. पहिले काही दिवस आपल्याला पाय आहेत हेच कळत नाही. मग रडणं ओसरतं आणि पाय बोलायला लागतात. आधी मुंग्या, मग पोटऱ्या दगडासारख्या, मग घोट्याशी बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. धान्य निवडायला येणारी कालीबाई एकदा आत डोकावली आणि तिच्या हातचं सूप कलंडलं. “माय वं, तुन्हा पाय कितला सुजी गयात,” म्हणाली. घरात हे बोलणारी ती पहिली.

सुगनभाऊ भांडून डॉक्टरांना घेऊन आला. मांजींनी मध्ये पडदा धरला, डॉक्टरांना माझे नुसते पाय दिसले. त्यांनी औषध दिलंच नाही. म्हणाले, हिला उठवा. घटकाभर बसली की चार पावलं चालू द्या, बसल्या जागी घोटे हलवू द्या. पायातलं रक्त चालण्यानं वर चढतं, बसून राहिलं तर तिथेच साचतं आणि गोठतं. वर्तमानपत्रात वाचलेली एक गोष्टही त्यांनी सांगितली. विलायतेत बॉम्बच्या भीतीनं माणसं तळघरात खुर्च्यांवर बसून राहिली, बॉम्ब पडलाच नाही, तरी त्यातली काही बसण्यानंच मेली. मांजी म्हणाल्या, त्यांच्यात बसायची रीत नसेल, आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बसतात. डॉक्टर गेल्यावर पडदाही गेला आणि त्यांचं बोलणंही.

तेव्हा तू माझी होतीस, हे मी अजून नाकारत नाही. पाण्याचा माठ तू माझ्याजवळून उचलून समोरच्या भिंतीशी नेऊन ठेवलास, मला तहान लागली की उठावं लागेल म्हणून. आणि जात्याची युक्ती तुझीच. ओसरीवर तू दळायला बसायचीस. जातं फिरतंय तोवर मी खोलीत चालायचं, कोणी आलं की तू हात थांबवायचास, मी कोपऱ्यात. त्या घरघरीत माझी पावलं कोणाला ऐकू येत नसत. सासरी इतकं पीठ कोण खातं, असं मी तुला चिडवलंही होतं. माझी सूज उतरली. डोकं जागेवर आलं. मला यांची आठवण नीट येऊ लागली. नुसती बसून होते तेव्हा तीही येत नव्हती.

मग ती दुपार. मांजी महाराजांच्या व्याख्यानाला गेल्यात, असं तू दारातून सांगितलंस आणि जातं सुरू केलंस. मी भिंतीला धरून माठापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. त्या दिवशी जरा जास्तच चालले, कारण खरं सांगते, मला बरं वाटत होतं. मध्येच आवाज बदलला. दाणे संपले की दगडावर दगड कसा खरखरतो, तसा. मला वाटलं, धनू घास घालायला विसरली. वळून पाहिलं तर दारात मांजी, त्यांच्यामागे चुलतसासू, आणि ओसरीवर मान खाली घालून तू रिकामं जातं ओढत होतीस. तू हात थांबवला असतास तर मी बसले असते. एवढंच तुला करायचं होतं.

सहा महिने त्या दिवसापासून पुन्हा मोजायचे ठरले. दुसऱ्या दिवशी तू माठ उचललास आणि माझ्या हाताशी आणून ठेवलास. “जेठाणीजी, आता उठायला नको,” म्हणालीस, थोरल्या जावेशी बोलावं तसं. एकांतात तू मला लाडू सोडून दुसरं काही कधी म्हटलं नव्हतंस. पुढे मांडीपर्यंत पाय निळा आणि टणक झाला तेव्हाही पाणी हाताशीच होतं. सुगनभाऊनं मला गाडीत घालून नेलं, डॉक्टरांनी जीव वाचवला, पाय अर्धाच वाचला. निघताना तू दाराआड होतीस. तुझी बांगडी वाजली म्हणून मला कळलं.

तू असं का केलंस ते नंतर कालीबाईकडून कळलं. थोरलीनं कोपरा मोडला तर धाकट्याचं आयुष्य तुटेल, असं मांजींनी तुझ्या मनात भरवलं होतं, आणि त्याच आठवड्यात शांतिलालजींना ताप होता. तुझी भीती मला कळते. नवरा गेल्यावर काय होतं हे मला नाही कळणार तर कोणाला? पण तू येऊन म्हणाली असतीस, लाडू, माझ्या कुंकवासाठी बसून राहा, तर मी पाय गेला तरी बसले असते. तू मागितलं नाहीस. तू मला पकडून दिलंस. हे मला रोज वडापर्यंत जाताना आठवतं आणि परत येतानाही.

आता कार्डाचं. शांतिलालजी गेले. हिवतापावर कोयनेल कुठेच मिळालं नाही, असं त्यात लिहिलंय. मी बसले, पाय घालवला, तरी ते गेले, आणि तू आता त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यात आहेस. सुगनभाऊ भेटून आला. कालीबाई त्याला म्हणाली, “पानी बी पेत नही, उठनं पडी म्हनीसन.” धनू, उठावं लागलं तरी पाणी पी. माठ लांब ठेवायला कालीबाईला सांग. बायका गळ्यात पडून रडत असतील तेव्हा ओढणीखाली पायाची बोटं हलवत राहा, घोटे फिरव, त्यांना काही कळत नाही. नथ्थू मोटारवाला हे पत्र कालीबाईच्या हाती देईल. वाचून चुलीत घाल. बाराव्याला मी येते आहे आणि राहणार आहे. विधवेकडे विधवा आली तर मांजी नाही म्हणू शकणार नाहीत. गिरणी रॉकेलवाचून बंद आहे, त्यांचे हात आता चालत नाहीत, घराला पीठ तर लागेलच. ओसरीवर दळायला मी बसेन, डावा पाय लांब करून. तू चाल. मी तुला माफ केलेलं नाही, कदाचित करणारही नाही, पण आवाज येईल तोवर तू निर्धास्त चाल. कोणी आलं तर माझं जातं थांबेल.

‘तुझीच’ लिहायला अजून मन होत नाही, म्हणून नुसतीच
लाडकंवर