न्हाणीघराचे सांधे

तीर महिना, १९ तारीख, मंगळवार. सकाळी.

नऊ दिवस वहीत काही लिहिलं नाही. इतक्या उशिरा लिहितो आहे, वहीने माफ करावं. दोष माझा नाही. तूबा न्हाणीघरात घसरून पडली. सांध्यांतल्या सिमेंटचा उन्हाने भुगा झाला होता, एक फरशी सुटली होती, तिच्यावर हिचा पाय पडला. मनगट मुरगळलं. दुसऱ्या दिवशी आमची मुलगी फरंगीस शिराजहून आली आणि आईला घेऊन गेली. जाताना तूबा म्हणाली, ते सांधे भरल्याशिवाय मी या घरात पाऊल टाकायची नाही. फरंगीस म्हणाली, बाबा, गवंडीकाम करणाऱ्या उस्ताद नेमतना सांगा, त्यांचं एका दिवसाचं काम आहे. पोरीला वाटतं बापाला काही येत नाही.

ठराव: तीन दिवसांत सांधे स्वतः भरायचे. शुक्रवारी फोन करून तूबाला बोलावून घ्यायचं. एकतीस वर्षं मेंदीच्या गिरणीत काढली. पूड चाळणं, पूड कालवणं यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. सिमेंट म्हणजे तरी काय, पूडच.

घर शांत आहे. बरं वाटतं. चहा स्वतः केला, कडू झाला. मला कडूच आवडतो, हे आज कळलं.

तीर २०, बुधवार.

उस्ताद नेमत दारात आले. म्हणाले, मश्-हैबत, खानमना लागलं असं ऐकलं. उद्या येतो, न्हाणीघर करून देतो. मी म्हणालो, छे छे, तुम्हाला कशाला त्रास? ते म्हणाले, त्रास कसला, तुमचं काम माझ्या डोळ्यांवर. मी म्हणालो, नाही उस्ताद, तुमची सावली आमच्यावर राहो, तेवढं पुरे. आता रीतीप्रमाणे त्यांनी तिसऱ्यांदा म्हणायचं आणि मी हो म्हणायचं. इतकं साधं आहे. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलत बोलत गल्लीच्या टोकाला गेले ते गेलेच. साठीला आलेला माणूस, आणि दोनदाच विचारतो! दारात दहा मिनिटं उभा राहिलो. ऊन लागलं, डोकं दुखतंय.

बरंच झालं. मला स्वतःच करायचं होतं.

तीर २१, गुरुवार. दुपारी दोन.

काम सुरू. बाहेर चव्वेचाळीस अंश. सिमेंटच्या पिशवीवरचं बारीक अक्षर वाचलं नाही. चष्मा कुठे असतो ते तूबाला माहीत. जुनं सिमेंट खरवडत बसलो नाही, उगाच धूळ. त्यावरच नवीन भरलं. चौथ्या ओळीपर्यंत छान. मग वाडग्यातलं घट्ट झालं. पाणी घातलं. पुन्हा घट्ट झालं. पुन्हा घातलं. आता त्यात चमचा उभा आहे. तूबाचा वाढायचा मोठा चमचा. सावकाश काढू.

तीर २२, शुक्रवार.

नख लावलं तर पापुद्रा निघाला. फुंकर मारली तर बाकीचं उडालं. सिमेंट शिळं असणार.

तूबाला फोन केला. काम शेवटच्या टप्प्यात आहे म्हणालो. तिने विचारलं, म्हणजे कुठल्या? म्हटलं, शेवटच्या आधीच्या. मग विचारलं, ब्लडप्रेशरची गोळी घेता ना? म्हटलं, हे काय विचारणं झालं? फोन ठेवून गोळी घेतली.

ठराव: पुढच्या शुक्रवारी नक्की.

तीर २४, रविवार.

दुकानात जाऊन सिमेंट शिळं असल्याचं सांगितलं. दुकानदार म्हणाला, हाजी आगा, जुनं खरवडलं होतं का? म्हटलं, जुन्याची मजबुती वाया जाऊ नये म्हणून ठेवलं. तो म्हणाला, मजबुती होती तर खानम पडल्या कशा? गावात काही लपून राहत नाही. असल्या माणसाशी वाद घालू नये. दुसरी पिशवी घेऊन आलो.

तीर २६, मंगळवार.

दोन दिवस खरवडतो आहे. तूबाची भाजीची सुरी या कामाला फार उत्तम. नऊ ओळी झाल्या. एकूण किती आहेत ते मोजलं नाही, मोजलं की दम जातो. गुडघे बोलतात. जेवण कलिंगड आणि रोटी. काल रोटी आणि कलिंगड.

एक विचार मनात येतो. शिराजचं पाणी तूबाला सोसेल का? तिला सवय नाही. तिथे झाडं फार आहेत.

तीर २८, गुरुवार.

आज सगळे सांधे भरले. यावेळी धूळ झाडून, ओल्या फडक्याने पुसून. लवकर वाळावं म्हणून खिडकी आणि दार दोन्ही उघडलं. वाळवंटाकडून असा सणसणीत वारा आला की तासाभरात सगळं कोरडं. याला म्हणतात डोकं. उस्ताद लोक यालाच दिवस घालवतात.

तीर २९, शुक्रवार.

भेगा. तलाव आटल्यावर तळाला पडतात तशा. काही ठिकाणी बोट जातं.

भट्टीवर रोटीच्या रांगेत उस्ताद नेमत भेटले. न विचारता सगळ्यांसमोर म्हणाले, मश्-हैबत, सिमेंट वाळवायचं नसतं, त्याला पाणी पाजायचं असतं. पहाटे भरा, खिडकी बंद ठेवा, वर ओली पोती घाला, तीन दिवस तहानलेलं ठेवू नका. आपल्या हवेत माणूस सुकून जातो तिथे सांध्याचं काय! भट्टीवाला म्हणाला, उस्ताद, मग मश्-हैबतनाच ओल्या पोत्यात घालून ठेवा, खानम येईपर्यंत टिकतील. रांग हसली. मी सांगितलं, हे मला माहीत आहे, मी मुद्दाम दुसरी पद्धत करून पाहत होतो.

फोन केला. तूबाचा हात बरा झाला. फरंगीसच्या न्हाणीघरात रबराची चटई आहे म्हणे. सकाळी मायलेकी बागेत फिरायला जातात. मला तिचा आवाज थकलेला वाटला. मागे कोणीतरी हसत होतं, बहुतेक तीच.

मुरदाद महिना, २ तारीख, मंगळवार. सकाळी आठ.

तीन दिवस पुन्हा खरवडलं. आज पहाटे चारला उठलो, थोडं थोडं कालवलं, थोडं थोडं भरलं. खिडकी बंद. सगळं उस्तादांच्या, म्हणजे माझ्या मूळ पद्धतीने.

पोत्यांचा प्रश्न होता. हल्ली बाजारात मिळतात ती प्लास्टिकची, त्यांत पाणी राहत नाही. माझ्या गिरणीत गेलो आणि सहा जुनी तागाची पोती मागून आणली. दणकट. एकदा भिजवली की तासन्‌तास ओली. अशी पोती यज्दमध्ये दुसरीकडे नाहीत. उस्तादांना हे सुचलं नसतं.

दर दोन तासांनी पाणी मारतो. घरभर लग्नघरासारखा वास सुटला आहे.

मुरदाद ३, बुधवार.

पाणी मारलं. झोपलो नाही, कूलरसमोरसुद्धा बसलो नाही. पोत्यांखालून निघणारं पाणी जरा तांबूस आहे. नळ गंजला असावा. पुढचं काम नळ.

मुरदाद ५, शुक्रवार.

पोती उचलली.

आधी चांगलं लिहितो. सांधे दगडासारखे झाले आहेत. नखाने, किल्लीने, सुरीच्या टोकाने पाहिलं. एक कणही निघत नाही. फरशी हलत नाही. तूबा तिच्यावर नाचली तरी पडायची नाही.

रंग केशरी आहे. खिडकीकडे तपकिरी. मोरीपाशी जवळजवळ लाल. पोत्यांत मेंदी राहिली होती. एकतीस वर्षांत आमच्या गिरणीची मेंदी फिकी चढली अशी एकसुद्धा तक्रार आली नव्हती, हे मला कोणापेक्षाही जास्त माहीत होतं.

साबणाने घासलं. सोड्याने घासलं. मग चार लिंबं चोळली. लिंबाने मेंदी आणखी गडद होते, हे चोळून झाल्यावर आठवलं.

तूबाला फोनवर झालं म्हणून सांगितलं. तिने विचारलं, पांढरं दिसतं का? म्हटलं, स्वच्छ दिसतं.

मुरदाद ७, रविवार.

उस्ताद नेमत आत येऊन बघून गेले. आधी दाराची चौकट धरली, मग खाली बसले, मग बराच वेळ हसणं थांबेना. डोळे पुसून त्यांनी सांधे ठोकून पाहिले, सगळे, एकेक ओळ. म्हणाले, मश्-हैबत, खरं सांगतो, माझ्या हातून इतके घट्ट होत नाहीत. हे ते बोलले तेव्हा साक्षीला कोणी नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मग मी अहो अहो म्हणेपर्यंत त्यांनी फोटो काढून फरंगीसला पाठवलासुद्धा.

मुरदाद ८, सोमवार.

तूबाचा फोन आला. इतकी हसत होती की पहिली दोन वाक्यं कळली नाहीत. म्हणाली, अहो, हे न्हाणीघर आहे की नवरीचे तळवे? मीही हसलो. बरं वाटलं. म्हटलं, मग कधीची बस धरतेस? सांधे भरले, तुझी अट पुरी झाली.

तिचं हसणं थांबलं. मग म्हणाली, सांध्यांचं मी जाताना काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं होतं. मी पडले तेव्हा तुम्ही धावत आलात, आणि आधी फरशी उचलून पाहिलीत, फुटली का म्हणून. मी शेजारीच पडले होते.

मी म्हणालो, असं काही झालं नाही. ती म्हणाली, बरं. गोळी घ्या. फोन ठेवला.

मुरदाद ९, मंगळवार.

मी फरशी आधी उचलली ती तिला उठायला जागा व्हावी म्हणून. सैल फरशीवर पुन्हा पाय पडला असता. एवढंसुद्धा ती समजून घेत नाही. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली.

फरंगीसने आईचे कान भरले असणार.

मुरदाद ११, गुरुवार.

परवा लिहिलं ते तसं नव्हतं. आधी फरशी पाहिली. ती उचलून उजेडाकडे धरली होती, एका कोपऱ्याचा जरा टवका उडालेला, बाकी शाबूत, सगळं डोळ्यांसमोर आहे. तूबा काही म्हणाली असेल, ते आठवत नाही.

आज सकाळपासून तिचं कोणतं मनगट मुरगळलं ते आठवायचा प्रयत्न करतो आहे. उजवं असावं. उजव्या हाताने तिने पिशवी उचलली होती, म्हणजे मग डावं. पण पिशवी कदाचित फरंगीसने उचलली असेल.

फरंगीसला विचारता येईल, पण मग तिला कळेल. उस्तादांना विचारावं तर रोटीच्या रांगेत पोचेल.

तूबा, यायचं तेव्हा ये. पण कोणता हात, तेवढं कळव. लवकर कळव.