शेळीखालचा ओटा

दिघोरी, तालुका लाखांदूर

आदरणीय मनालीवहिनींना सविनय जयभीम.

आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. आपली माझी ओळख एवढीच, की आपल्या लग्नात मी आपल्यासमोर पाण्याचा पेला धरला होता. (आपण “थँक्यू” म्हणालात. त्यावर काय म्हणायचे असते हे न सुचल्याने मी पेला घेऊन परत गेले. आपण पाणी प्यायलाच नव्हतात, हे आईने नंतर लक्षात आणून दिले.) आपली व अनुपदादाची प्रकृती उत्तम असावी. इकडे आई बरी आहे. बाबांची प्रकृतीही बरी आहे, मनःस्थितीबद्दल पुढे लिहीत आहे.

आपल्या पुण्याच्या कार्यालयात दिघोरीवर जो साहसखेळ तयार होत आहे (नाटक मंडळाची हरवलेली ढोलकी शोधत एक मुलगी गावभर फिरते आणि आपण माऊसने दाबू तिथे जाते), त्याची दृश्ये संगणकावर घडवावीत की हाताने रंगवावीत, हे गावकऱ्यांना विचारून निःपक्षपातीपणे कळवावे, असे आपण लिहिले होते. संगणकावरची दृश्ये आपण केलेली, हाताने रंगवलेली मी केलेली, आणि परीक्षकही मीच. दहावीला मी केंद्रात पहिली आले होते हे खरे, परंतु तिथे स्वतःची उत्तरपत्रिका मला तपासायला दिली नव्हती. शिवाय हाताची चित्रे पसंत पडली तर उरलेल्या सर्व दृश्यांचे काम मला घरी बसून मिळेल, असे आपले आश्वासन आहे; न पडली तर जूनपासून बँकेच्या परीक्षेच्या शिकवणीसाठी नागपूरला जायचे, असे बाबांचे फर्मान आहे. (मला बसमध्ये वाहकाकडे सुटे पैसे परत मागता येत नाहीत. बँकेत मी काय करणार?) अशा स्थितीत निःपक्षपाती राहताना माझे काय झाले असेल, याची आपण कल्पना करावी.

मधुकर गुरुजींनी शाळेतील संगणक रविवारी उघडून दिला. प्रथम आपली दृश्ये दाखवली. गाव थक्क झाले. आपल्या चित्रातील माठ हात लावला तर गार लागेल असा आहे, सावल्या जिथल्या तिथे आहेत. मात्र शेणाचा पोवसुद्धा पितळी भांड्यासारखा चमकतो, याकडे आमच्या गल्लीतल्या देवकाआजींनी लक्ष वेधले. दुसरी अडचण अशी, की आपल्या चित्रात प्रत्येक वस्तू सारखीच खरी दिसत असल्याने नायिकेने प्रत्येक वस्तू उचलावी असा लोकांचा आग्रह पडला. “कोंबडी घे ना व पोरी!” असे मागून सारखे ओरडणे चालू होते आणि नायिका कोंबडीसमोर ढिम्म उभी. माझ्या चित्रात उचलायची वस्तू जरा ठळक रेघेची असल्याने ती चटकन कळते, असे गुरुजी म्हणाले. (ते माझे गुरुजी आहेत, म्हणून हे मत मी अर्धेच धरले आहे.) माझ्या चित्राबद्दलच्या तक्रारीही लिहिते: झाडे वाकडी आहेत, आणि शेजारच्या मंदाकाकूंना दारात उभे केले आहे पण त्यांची नवी साडी घेतलेली नाही. मधेच वीज गेली, तेव्हा देवकाआजींनी दोन्ही चित्रे सारखीच दिसतात असे मत दिले. ते मी मोजलेले नाही.

इथवर सर्व ठीक होते. वीज आल्यावर आपले आमच्या गल्लीचे दृश्य पुन्हा लागले. आपल्याला आठवत असेल, त्या गल्लीची मापे मीच पाठवली होती. (दोरीचे दुसरे टोक बाबांनी धरले होते, तेही हौसेने.) समोरच्या घरचे बुधरामकाका संगणकाला नाक लावून पाहत होते. ते एकदम बाबांकडे वळून उभे राहिले.

“पाय गा तेजराम! पुन्याहून मोजनी आली. तुहा ओटा दोन हात रस्त्यात हाय. म्हनूनच माह्या बंडीचा तनस दरसाल तुह्या ओट्याले घासते!”

(बंडी म्हणजे बैलगाडी, तनस म्हणजे भाताचा पेंढा.) वहिनी, हा वाद माझ्या जन्माच्या आधीचा आहे. गल्लीच मुळात अरुंद, ही आमच्या घराची भूमिका. ओटा वाढवला, ही त्यांच्या घराची. आपले चित्र पुण्यात, संगणकावर, मापांवरून तयार झाल्याने सर्वांनी ते सरकारी मोजणीच धरले. दोघांनी तर त्याची शिक्क्यासह नक्कल मिळेल काय, अशी गुरुजींकडे चौकशी केली.

बाबा म्हणाले, “ते काई मोजनी नाही, खेळ होय. कॉम्प्युटरले गावचं काय समजते? माह्या सरितेचं चित्र लावा. तिथं दाखव ओटा रस्त्यात!”

ज्यांनी आजवर “चित्रं काढून भात शिजते का?” याखेरीज माझ्या कलेवर भाष्य केले नाही, ते बाबा चारचौघांत माझ्या चित्राची साक्ष काढत होते. माझे डोळे भरून आले. परंतु त्याच वेळी आठवले, की माझ्या चित्रात ओट्याच्या कडेपाशी देवकाआजींची शेळी बसलेली आहे. (मी काढत होते तेव्हा ती खरोखर तिथे बसली होती आणि उठायला तयार नव्हती.)

“शेळी आडवी बसून राहिली ना भाऊजी,” मंदाकाकू म्हणाल्या. “तिले उठवा म्हना आधी.”

प्रत्येक दृश्यात दाबल्यावर हलणारी एक वस्तू असावी, अशी आपलीच सूचना होती. गल्लीच्या दृश्यात ती वस्तू शेळी आहे. गुरुजींनी तिच्यावर दाबले. शेळी उठली, अंग झाडले आणि चालती झाली. तिच्याखाली ओटा होता. मी तो जसा आहे तसा, दोन हात रस्त्यात, दगडासकट रंगवला होता. शाळेत जे हसू फुटले, ते ऐकून रस्त्यावरचे लोकही आत आले.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “सरिते, चित्रातला ओटा तेवढा मांगं घे. मंग नागपूरचं मी नाव काढत नाही.” बाबांना मी आजवर उलट बोललेले नाही; तरीही तोंडून निघून गेले, “आणि दारातला?” बाबा ताटावरून उठले आणि बैलांना पाणी दाखवून येतो म्हणून बाहेर गेले. आमच्याकडे बैल नाहीत.

खोडरबर माझ्यासमोर आहे. वापरला तर चित्र खोटे पडते, न वापरला तर नागपूर. तूर्त तो वापरलेला नाही. मतांची विभागणी म्हणाल तर आपल्या चित्रांना निम्मे गाव आणि माझ्या चित्रांना निम्मे, परंतु ती चित्रांची मते आहेत की ओट्याची, हे सांगणे कठीण आहे. निर्णय आपणच घ्यावा. माझा कोणताही आग्रह नाही.

आपली नम्र चुलत नणंद,
सरिता

ता. क. : सकाळी सब्बलीच्या (आपल्याकडे पहार म्हणतात) आवाजाने जाग आली. बाबा ओटा फोडत होते. मंदाकाकूंनी “काहून जी भाऊजी?” विचारले, तेव्हा म्हणाले, “पोरगी काई रबर हातात धरत नाही. चित्र पुन्याले जाईन, मंग अख्खी दुनिया ते शेळी उठवून पाहीन. त्यापेक्षा हे बरं.” दुसरी सब्बल बुधरामकाकांची होती. त्यामुळे आता आपले व माझे, दोन्ही चित्रे चुकीची ठरली आहेत. एका दृश्याला आपला संगणक रात्रभर चालतो, असे आपणच लिहिले होते. माझ्या चित्रातला ओटा आई चहा गाळेपर्यंत मागे गेला. चित्र सोबत जोडले आहे. शेळी खोडली नाही. ती आजही तिथेच बसली आहे.

पुन्हा ता. क. : ‘माझा कोणताही आग्रह नाही’ हे वाक्य कृपया वाचू नये. वहिनी, हे काम मला फार हवे आहे.

दिघोरीच्या टपालपेटीत टाकले : मंगळवार, दि. १७ मे २००५, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे.