डावीकडून मोडलेली भाकरी

उचगाव,
६ जानेवारी २०२५

ती. माधवी आक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. निपाणी काय विलायतेत आहे, फोन करायला काय झालं, असं म्हणशील. पण रिंग ऐकली की मला फोनजवळ थांबवत नाही. दसऱ्याआधी उद्यमबागेतनं कामावरनं येताना माझी गाडी घसरली, मागं बसलेला काकूचा स्वरूप रस्त्यावर निपचित पडला तो उठलाच नाही, आणि त्याच्या खिशात फोन वाजत राहिला. तो आवाज अजून जात नाही. खासबागेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, फोन जमत नसेल तर बहिणीला पत्र लिही.

त्यांनी आणखी एक उपाय सांगितलाय. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, त्यात स्वरूप बसलाय असं धरायचं आणि बोलायचं राहिलेलं बोलायचं. मग आपण त्या खुर्चीत बसून त्याच्या बाजूनं बोलायचं. शेवटी निरोप द्यायचा आणि खुर्ची जागेवर नेऊन ठेवायची. त्याला निरोप दिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी दुपारी बाहेरच्या खोलीत, सोप्यात बसून सुरुवात केली. लई रडलो, पण छाती हलकी झाली.

घोटाळा झाला तो काकूमुळं. तिनं दारातनं ऐकलं आणि स्वरूपसाठी ताट वाढून खुर्चीसमोर स्टुलावर आणून ठेवलं. माझ्या लेकराला बोलावून बसवतोस आणि उपाशी ठेवतोस व्हय, असं मलाच झापलं. आता जेवत्या माणसाला ताटावरनं उठवायचं कसं? खुर्ची तिथंच आहे आणि ताट रोज वाढलं जातं.

भाओजींना नमस्कार. माझं अक्षर लागलं नाही तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा
आदर्श

निपाणी,
१३ जानेवारी २०२५

चि. आदर्श यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर लागलं रे, शाळेत असताना याहून घाण होतं. पोस्टमनला वाटलं कोर्टाचा कागद आला. आरोही तर मामाचं पत्र वर्गात दाखवायला घेऊन गेली.

पण ताटाचं वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. काकूनं पोटचा एकुलता एक घालवलाय, तिला दोष देत नाही. तरी तुझं औषध वाया जाऊ देऊ नकोस, गोडीनं सांगून बघ. आणि काकूचा फोन कायम बंद का लागतो? दोघंही असे गप्प झालात तर मी इथं नुसता जीव टांगून बसायचं का?

वेळेवर जेव. तुझ्यावर माझी माया आहेच, ती मागायची गरज नाही.

तुझी
आक्का

उचगाव,
२१ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

काकूचा फोन जोंधळ्याच्या डब्यात सापडला. बंद करून तळाशी पुरलाय. का, ते सांगत नाही.

लिहू का नको असं झालंय, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू? ताटातली भाकरी मोडलेली असते. रोज. आणि डावीकडून. स्वरूप डावखुरा, लहानपणी काकूनं त्याच्या हातावर किती चापट्या मारल्या ते तू बघितलंयस. मांजर म्हणावं तर कालवणाला तोंड लागलेलं नसतं. काकूला विचारलं, तिनं देवघरावर हात ठेवून सांगितलं की ती ताटाला शिवत नाही. तिला त्याचं काहीच वाटत नाही. उलट लेकरू जेवलं म्हणून खुश होते. मला मात्र सोप्यातनं जाताना त्या खुर्चीला वळसा घालावा लागतो. तिच्यात बसून बोलायचं तर लांबच.

बाईंकडं जाणं सोडून द्यावं असं मनात येतंय. भित्रा म्हणालीस तरी चालेल, पण आपलं म्हण.

तुझा
आदर्श

निपाणी,
२७ जानेवारी २०२५

चि. आदर्श यास,
अनेक आशीर्वाद.

भाकरी काकूच मोडत असणार, तिच्याही नकळत. दुसरं काही असेल असं मी मनात आणत नाही, आणि तूही आणू नकोस. बाईंकडं जाणं सोडलंस तर मी स्वतः येऊन कान धरून नेईन. त्यांना ताटाचं, फोनचं सगळं सांग. लाजू नकोस. काकूच्या पोटात काहीतरी आहे, मला खात्री आहे.

पत्राची वाट बघते. तोवर घास गोड लागायचा नाही.

तुझी
आक्का

उचगाव,
५ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

बाई हसल्या नाहीत. काकूलाही खुर्चीसमोर बसवून बोलतं करा, म्हणाल्या.

काल दुपारी काकू पाटावर बसली. मग खुर्चीकडं बघून बोलली. तिला वाटत होतं, जेवायला कधी येतोस विचारायला तिनं फोन केला, तो काढायला स्वरूपनं खिशात हात घातला आणि त्याचा तोल जाऊन गाडी पडली. आपल्या फोननं पोरगं खाल्लं, हे ती दसऱ्याआधीपासून उरात घेऊन बसली होती.

आक्का, मला कुणी विचारलंच नव्हतं. आणि तो रस्त्यावर पडलेला असताना फोन वाजत होता, हे त्याच्या आईला कुठल्या तोंडानं सांगू, म्हणून मीही गप्प होतो. काल सांगितलं. गाडी वाळूवर घसरली, तो पडला, आणि तिचा फोन नंतर वाजला. तिच्या फोनमुळं काही झालं नाही. तिनं हे माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. मग विचारलं, त्याला रिंग ऐकू गेली असंल का. मला माहीत नाही, असं खरं ते सांगितलं.

ती उठली आणि खुर्चीवर हात ठेवला. ऊब हाय, म्हणाली. मी हात लावायला गेलो नाही. मग ती त्या खुर्चीत बसली आणि ताट मांडीवर घेतलं. अख्खी भाकरी आम्ही बसल्यापासून आमच्या डोळ्यांसमोर होती. कुणी हलवली नव्हती. तरी आता डावी बाजू मोडलेली होती. लेकराचं उष्टं म्हणत तिनं उरलेली सगळी खाल्ली, ताट घासून ठेवलं आणि खुर्ची स्वतः उचलून बाहेर अंगणात नेली. आज सकाळपासून आपले आप्पा तिच्यात बसून पेपर वाचतायत.

संध्याकाळी मी घरामागं परड्यात होतो. खिशातला फोन वाजला. काकूनं जोंधळ्यातला फोन काढून चार्ज केला होता आणि चुलीपासनंच लावला होता. मी भिंत धरली. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि मी उचलला. जेवायला कधी येतोस, असं तिनं विचारलं.

आलोच, म्हणालो.

रविवारी तू फोन कर. पत्रं मात्र थांबवू नकोस, तुझ्या शिव्या कागदावरच गोड लागतात.

तुझा
आदर्श